रायफल घेऊन विमानाने: डॅलस ते कॅम्प पेरी आणि परत

ओहायो राज्यात लेक ईरीच्या काठाला, पोर्ट क्लिंटन गावाजवळ, कॅम्प पेरी नावाचा नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचा, तळ आहे. १९०७ पासून तिथे उन्हाळ्यात रायफल आणि पिस्तुलाच्या राष्ट्रीय स्पर्धा भरत आल्या आहेत. सध्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी, त्या भरवतं. सर्व्हिस रायफल, म्हणजे सैन्यातल्या रायफलीच्या धर्तीच्या रायफलींच्या, प्रकारात बहुतेक जण एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल वापरतात. ती आपल्या अंगाला बसलेली आणि झीरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी पडतील अशी जुळवलेली, सोबत हवी. डॅलसहून गाडीने जायचं म्हटलं तर एका बाजूला अकराशेहून जास्त मैल पडतात आणि निम्मी सुट्टी रस्त्यावरच संपते. म्हणून विमान. या जुलैत जाऊन आलो. तयारी फेब्रुवारीपासून सुरू होती, आणि त्या तयारीत जे जे शोधावं लागलं ते मराठीत एका ठिकाणी कुठे सापडलं नाही, म्हणून इथे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला धास्ती वाटते ती विमानतळाची. काउंटरवर बंदुकीचं नाव काढलं तर काय होईल, पोलिस बोलावतील का, रांगेतले लोक काय म्हणतील. प्रत्यक्षात तो भाग सगळ्यात सरळ निघतो. टीएसए, म्हणजे विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणारी फेडरल संस्था, तिचे नियम पन्नासही राज्यांत सारखे आहेत आणि काउंटरवरच्या लोकांना असे प्रवासी नवे नसतात. खरी मेख राज्यांच्या कायद्यांत आहे. टेक्सासात जी रायफल घरात ठेवायला कुठलाच परवाना लागत नाही, तीच न्यूयॉर्कमध्ये नुसती ताब्यात असली तरी गंभीर गुन्हा होतो. म्हणून प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला मी एकच प्रश्न लावत गेलो: इथे रायफलची पेटी माझ्या हातात येते का, आणि आली तर या राज्यात ती माझ्या हातात असणं चालतं का? पुढचा सगळा खटाटोप या प्रश्नाभोवतीच आहे.

फेब्रुवारीत पहिलं काम केलं ते व्हिसाचे नियम वाचायचं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून ओळखीतली बरीच मंडळी नेमबाजीबद्दल विचारतात. त्यातली निम्मी एच-१बी वर असतात, आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा कुठल्याही नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही बाळगायला बंदी आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, त्यामुळे प्रवासाच्या तारखा परवान्याच्या तारखांत बसतात का ते पाहायलाच हवं. रेंजवर भाड्याची रायफल हातात घेणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत बाळगणंच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

ग्रीनकार्डधारकाला ही बंदी नाही. पण त्याने निर्धास्त व्हावं असंही नाही. बंदुकीसंबंधी कुठल्याही कायद्याखाली, मग तो राज्याचा का असेना, दोषी ठरलं तर इमिग्रेशन कायद्यानुसार देशाबाहेर काढता येतं. नागरिक असलेला माणूस कडक कायद्यांच्या न्यू जर्सीत, नेवार्क विमानतळावर अडकला तर त्याला वकील आणि दंड यांचा भुर्दंड बसेल; ग्रीनकार्डवाल्याची इथली सगळी घडीच विस्कटू शकते. मार्ग ठरवताना मी जी फाजील वाटावी इतकी काळजी घेतली ती यासाठी.

याच मुद्द्यात आणखी एक गोष्ट. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बी-२ व्हिसावर असतात. विमानतळावर सोडायला ते सोबत येतात आणि हात रिकामे आहेत म्हणून प्रेमाने एक बॅग उचलतात. ही पेटी त्यांच्या हातात द्यायची नाही, त्यांच्या नावावर चेक-इन करायची नाही, आणि घरी बंदुकीच्या कपाटाची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे ठेवायचा नाही. आधी शांतपणे समजावून सांगितलं की ऐकतात.

मार्चमध्ये मार्ग ठरवायला घेतला. सुरुवातीचं टोक टेक्सास, शेवटचं ओहायो. दोन्हीकडे एआर-१५ कायदेशीर, मॅगझिनच्या, म्हणजे रायफलला लावायच्या काडतुसांच्या डबीच्या, क्षमतेवर मर्यादा नाही, रायफल ठेवायला परवाना नाही. इथवर सगळं सोपं. पण डॅलसहून क्लीव्हलँडची, म्हणजे ओहायोत जिथे उतरायचं त्या शहराची, स्वस्त तिकिटं शोधली की शिकागोचा थांबा समोर येतो. इलिनॉयमध्ये १० जानेवारी २०२३ ला लागू झालेल्या कायद्याने एआर-१५ प्रकारच्या रायफली विकायला आणि ठराविक अपवाद सोडून बाळगायला बंदी आहे, आणि रायफलच्या मॅगझिनला १० काडतुसांची मर्यादा आहे. बॅग शेवटपर्यंत थेट टॅग केलेली असेल तर ती शिकागोत हातात येत नाही, एअरलाइनच्या ताब्यातच राहते, म्हणून कागदावर अडचण नाही. पण पुढचं विमान रद्द झालं आणि बॅग पट्ट्यावर आली, तर?

यावर नेहमी १९८६ च्या फेडरल कायद्याचा हवाला दिला जातो. फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट, बोलताना सगळे 'फोपा' म्हणतात. तो सांगतो की जिथून निघालात तिथे आणि जिथे जाताय तिथे बंदूक बाळगणं तुम्हाला कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ती नेता येते. अट अशी की ती रिकामी हवी आणि बंदूक व काडतुसं दोन्ही सहज हाताशी येतील अशी नसावीत. गाडीने जाणाऱ्याला, पेटी डिकीत असेल तर, हे बऱ्यापैकी संरक्षण आहे. विमानप्रवाशाला ते किती तोकडं पडतं हे एका निकालाने दाखवून दिलं.

२००५ साली युटाचा एक रहिवासी मिनियापोलिस आणि नेवार्कमार्गे पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता. चेक-इनच्या वेळी त्याने पिस्तूल रीतसर डिक्लेअर केलं होतं. नेवार्कला पुढचा प्रवास चुकला, बॅगही मागे राहिली. बॅग सापडेपर्यंत उशीर झाला आणि ती घेऊन तो विमानतळाजवळच्या हॉटेलात राहिला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पुन्हा नियमाप्रमाणे पिस्तूल डिक्लेअर केलं आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले; त्याने दावा लावला. २०१० मध्ये थर्ड सर्किट अपील न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला: हॉटेलातल्या त्या रात्री पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून फोपाचं संरक्षण लागू नाही. चूक त्याची नव्हती हे न्यायालयानेही मान्य केलं, तरीही. 'रेव्हेल विरुद्ध पोर्ट अथॉरिटी' या नावाने तो निकाल मिळतो, आणि प्रवासाला निघण्याआधी तो वाचावाच. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की फोपा गाडीतून नेणाऱ्यांसाठी आहे, टर्मिनलमधून पेटी हातात घेऊन चालणाऱ्यासाठी नाही.

त्या निकालातच एक व्यवहार्य वाट दाखवलेली आहे आणि ती तोंडपाठ असलेली बरी. अडकलात तर बॅग पट्ट्यावरून उचलायच्या आधी विमानतळावरच्या पोलिसांना किंवा एअरलाइनच्या लोकांना गाठायचं. म्हणजे पेटी फिरत असली तरी हात लावायचा नाही. बॅगेज ऑफिसात जाऊन सांगायचं की यात डिक्लेअर केलेलं शस्त्र आहे, मी या राज्यात ते ताब्यात घेऊ शकत नाही, ते तुमच्याकडेच ठेवा आणि उद्याच्या विमानाला लावा.

हे सगळं डोक्यात ठेवून थेट विमानाचं तिकीट काढलं. थांब्याच्या तिकिटापेक्षा शंभर-सव्वाशे डॉलर जास्त गेले. माझ्या मते या प्रवासात सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे तेच. थेट विमानातही एक धोका उरतो: जुलैत लेक ईरीवर वादळं येतात, आणि क्लीव्हलँडला उतरता आलं नाही तर विमान पिट्सबर्ग, डेट्रॉइट किंवा बफेलोला वळू शकतं. बफेलो न्यूयॉर्क राज्यात आहे, जिथे २०१३ च्या सेफ ॲक्टखाली अशा रायफली आणि १० पेक्षा मोठी मॅगझिन बंद आहेत. त्या शक्यतेसाठी वरची वाट लिहून पाकिटात ठेवली होती. दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करणं तर कटाक्षाने टाळावं. त्यात मधल्या विमानतळावर बॅग उचलून पुन्हा चेक-इन करावीच लागते, म्हणजे पेटी त्या राज्यात हातात आलीच.

स्पर्धा वेगळी असेल तर राज्यंही वेगळी, म्हणून आणखी काही ठिकाणं इथेच सांगतो. न्यूयॉर्क दुसऱ्या कुठल्याही राज्याचा पिस्तूल परवाना मानत नाही. जेएफके आणि लाग्वार्डियाला परतीच्या वेळी प्रामाणिकपणे डिक्लेअर करून अटक झालेले प्रवासी आहेत. न्यू जर्सीत मॅगझिनची मर्यादा १० आहे, शिवाय हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या, गोळ्यांवर निर्बंध आहेत. कॅलिफोर्नियातही १०, आणि हँडगन गाडीतून नेताना कुलूपबंद पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत हवी. कोलोरॅडोत २०१३ पासून १५. हवाईला बंदूक नेली तर पोहोचल्यापासून ५ दिवसांत पोलिसांकडे नोंदवावी लागते. हे कायदे दरवर्षी बदलतात, म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा, त्या त्या राज्याच्या पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या अधिकृत पानावर जाऊन पाहावं. एखाद्या मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या गोष्टीवर विसंबू नये.

एप्रिलमध्ये पेटी घेतली. टीएसएची अट थोडक्यात अशी: पेटी कडक बाजूंची, कुलूपबंद, आणि कुलूप लावल्यावर आत हात जाणार नाही अशी. बंदूक रिकामी. चेक-इन बॅगेजमध्येच. बंदुकीबरोबर दुकानातून मिळालेली प्लास्टिकची पेटी बऱ्याचदा या कसोटीला उतरत नाही. घरी एक चाचणी करावी: सगळी कुलपं लावून झाल्यावर कोपरे बोटांनी उचकटून पाहायचे. दोन बोटांची फट पडत असेल तर पेटी बाद. मधोमध एकच कुलूप असलेल्या लांब पेट्या इथे नापास होतात, कारण दोन्ही टोकं उघडतात. पेटीला कुलपासाठी जितकी भोकं, तितकी कुलपं लावायची. लांब पेटीला चार लागली.

कुलूप कुठलं, यावर बराच घोळ आहे. टीएसएच्या मास्टर किल्लीने उघडणारी कुलपंही चालतात असं टीएसए स्वतःच सांगतं. पण नियमाचा गाभा असा की किल्ली किंवा आकडा फक्त प्रवाशाकडे असावा. त्या मास्टर किल्ल्यांचे नमुने २०१५ पासून इंटरनेटवर आहेत, कोणीही थ्रीडी प्रिंटरवर छापू शकतो. म्हणून साधी, जाड कडीची, एकाच किल्लीने उघडणारी चार पॅडलॉक घेतली. एक किल्ली खिशात, दुसरी पाकिटात. चेक-इनच्या बॅगेत एकही नाही.

पेटीची लांबी हा पुढचा प्रश्न. अख्खी रायफल मावणारी पेटी चाळीस इंचांच्या वर जाते आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज नेहमीच्या ६२ इंचांच्या मर्यादेबाहेर पडते. एआरचं सुख असं की दोन पिना ढकलल्या की वरचा आणि खालचा भाग वेगळे होतात. २० इंची बॅरलसकट वरचा भाग ३६ इंची पेटीत तिरका न करता बसतो. कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे सीरियल नंबर असलेला खालचा भाग, पण दोन्ही एकाच पेटीत कुलूपबंद ठेवायचे. बोल्ट कॅरियर, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, बाहेर काढून वेगळ्या खाचेत ठेवला, म्हणजे चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे बघताक्षणी कळतं. चेंबरमध्ये, ते रिकामं असल्याची खूण म्हणून, नारिंगी प्लास्टिकचा फ्लॅग. बोल्ट, फायरिंग पिन, मॅगझिन यांतलं काहीही केबिन बॅगेत चालत नाही. दुर्बीण मात्र चालते. पण ती काढली तर झीरो हलतो, म्हणून वरच्या भागावरच ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंचा फोम ब्रेडच्या सुरीने कोरून सैल केला, जेणेकरून झाकण दाबलं तरी भार दुर्बिणीवर येणार नाही. एलिव्हेशन आणि विंडेजचे, म्हणजे दुर्बिणीच्या उभ्या-आडव्या जुळवणीचे, आकडे वहीत लिहून ठेवले.

वजनाचं गणित सर्व्हिस रायफलवाल्यांना हमखास चुकवतं. मॅचसाठी दस्त्यात आणि हँडगार्डखाली शिसं भरलेलं असतं. रायफलच १४-१५ पौंडांची होते. पेटी फोमसकट १५-२० पौंड. त्यात चार कुलपं, मॅगझिन, स्लिंग (रायफलचा पट्टा). ५० पौंडांची मर्यादा ओलांडली की शंभर डॉलर किंवा जास्त दंड बसतो. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी आपण, मग पेटी घेऊन आपण, असं तोलून पाहिलं. शूटिंग जॅकेट, मॅट आणि स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे निशाण पाहायच्या दुर्बिणीचा, स्टँड दुसऱ्या बॅगेत गेले.

काडतुसांचा हिशेब जूनमध्ये. ती केबिनमध्ये अजिबात नाहीत. चेक-इनमध्ये, पुठ्ठा, लाकूड, धातू किंवा प्लास्टिकच्या, काडतुसांसाठीच बनवलेल्या डब्यात. सुटी काडतुसं पिशवीत किंवा मोज्यात भरून चालत नाहीत. बहुतेक एअरलाइन ११ पौंड, म्हणजे ५ किलोची मर्यादा ठेवतात. ७७ ग्रेन वजनाच्या गोळीची .२२३ काडतुसं साधारण साडेतीनशेच्या पुढे त्यात बसतात. ऐंशी फैरींच्या ॲग्रिगेटला, म्हणजे एकत्रित गुणांच्या स्पर्धेला, आणि सरावाला पुष्कळ. घरी भरलेली काडतुसं ५० खणांच्या प्लास्टिक डब्यांत घेतली आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. भरलेली मॅगझिन नेण्याबाबत टीएसए आणि एअरलाइन यांच्या अटी जुळतीलच असं नाही, म्हणून मॅगझिन रिकामीच नेली. बारूद आणि प्रायमर चेक-इनमध्येही चालत नाहीत. नळी साफ करायची ज्वालाग्राही द्रावणं आणि तेलाचे स्प्रे हेही घरीच ठेवावेत. चिंध्या आणि ब्रश नेले, द्रावण तिकडे पोहोचल्यावर घेतलं.

निघायच्या आदल्या रात्रीचं काम मात्र सगळ्यात जास्त गांभीर्याने करावं: केबिन बॅग उलटी करून झटकणं. एरवी रेंजवर नेली जाणारी बॅग केबिन बॅग म्हणून वापरूच नये. टीएसएला २०२३ मध्ये देशभरातल्या तपासणी नाक्यांवर ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेल्या होत्या. त्यातले बरेच जण 'विसरलो' म्हणतात. दंड हजारो डॉलरचा असतो आणि प्रीचेक, म्हणजे झटपट तपासणीची सवलत, जाते. अस्तराच्या फाटक्या शिवणीत एक काडतूस अडकलेलं असणं रेंजवर जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत अगदी शक्य आहे, म्हणून नवी बॅगच घेतली. त्याच रात्री सीरियल नंबरचा, उघड्या पेटीचा आणि बंद कुलपांचा फोटो काढून ठेवला, आणि फोमच्या खाली एअरटॅग, म्हणजे पेटी कुठे आहे ते फोनवर दाखवणारं यंत्र, सरकवला. टीएसए आणि एअरलाइन या दोघांचे नियम छापून बाहेरच्या कप्प्यात ठेवले.

डॅलसच्या विमानतळावर सुटण्याच्या अडीच तास आधी पोहोचलो. शस्त्र असेल तर टर्मिनलबाहेर कर्बवर बॅग देता येत नाही, किऑस्कवर काम भागत नाही. माणसाच्या काउंटरलाच जावं लागतं. आवाज न चढवता, सरळ वाक्य: चेक-इन बॅगेत रिकामं शस्त्र डिक्लेअर करायचं आहे. 'माझ्याकडे गन आहे' अशी वाक्यरचना रांगेत उभं राहून करू नये, इतकंच भान पुरे. एजंटने ओळखपत्र पाहिलं, रायफल आहे की पिस्तूल ते विचारलं, रिकामी आहे ना आणि काडतुसं कुठे आहेत ते विचारलं आणि एक छोटं कार्ड पुढे केलं. त्यावर शस्त्र रिकामं असल्याची घोषणा, तारीख, सही. हे कार्ड पेटीच्या आत, शस्त्राजवळ ठेवायचं असतं. पेटी उघडायला सांगितल्याशिवाय उघडायची नाही. सांगितलं तर झाकण आपल्याकडे उघडेल अशी फिरवायची, कार्ड टाकायचं, बंद करायचं. रायफल उचलून दाखवायचा प्रश्नच येत नाही. पेटीच्या बाहेर 'शस्त्र' असं लेबल लावायला एअरलाइन भाग पाडू शकत नाही, तसं फेडरल कायद्यातच आहे. असं लेबल म्हणजे चोराला आमंत्रण, म्हणून कोणी नारिंगी टॅग बाहेर अडकवू लागलं तर नम्रपणे आत ठेवायला सांगावं.

वेगळी फी लागली नाही. चेक-इन बॅगेची नेहमीची, ३५ ते ४० डॉलरच्या घरातली.

तिथून पेटी मोठ्या सामानाच्या तपासणीकडे. पद्धत विमानतळागणिक बदलते: कुठे एजंट सोबत येऊन टीएसएच्या खोलीपर्यंत नेतो, कुठे पेटी पट्ट्यावर जाते आणि आपल्याला बाजूला थांबायला सांगतात. इथे दार बंद होतं आणि बाहेर दोन खुर्च्या होत्या. थांबायची पंधरा-वीस मिनिटं फार महत्त्वाची असतात. स्क्रीनवर काही कळलं नाही तर किल्ली मागायला नाव पुकारतात, आणि माणूस जागेवर नसेल तर पेटी मागे राहते. किल्ली देऊन निघून जायचं नाही. पेटी समोर उघडू द्यायची, समोर बंद करायची, कुलपं स्वतः लावायची. टीएसएच्या माणसाने पेटी पांढऱ्या कापडाने पुसली, कापड यंत्रात सरकवलं, हिरवा दिवा लागला आणि अंगठा वर केला. तो अंगठा दिसेपर्यंत पोटात गोळा होता हे खरं. रेंजवर वापरलेल्या पेटीवर बारुदाचे अंश असतात, त्यामुळे कधी यंत्र वाजतं. तसं झालं तर पुन्हा तपासतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. आपल्या हातांवरही तेच अंश असतात, म्हणून सिक्युरिटीच्या रांगेत लागण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुतले.

क्लीव्हलँडला पेटी साध्या पट्ट्यावर येणार नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळावर एका प्रवाशाने चेक-इन बॅगेतून पिस्तूल काढून पाच जणांचा जीव घेतला. त्यानंतर काही एअरलाइन अशा बॅगा बॅगेज ऑफिसातून, ओळखपत्र पाहून देतात आणि वरून जाड प्लास्टिकच्या पट्ट्या आवळतात. या पट्ट्या टर्मिनलमध्ये तोडायच्या नाहीत. गाडीत ठेवून मुक्कामी गेल्यावर तोडायच्या, आणि त्यासाठी साइड कटर चेक-इन बॅगेत टाकून ठेवायचा, नाहीतर रात्री हॉटेलात कात्री शोधत फिरावं लागतं. कोणती एअरलाइन कुठे देते हे चेक-इनच्या वेळीच विचारून घ्यावं: पट्टा, ओव्हरसाइझ (मोठ्या सामानाचं) दार की ऑफिस. चुकीच्या जागी उभं राहिलं की पेटी दुसरीकडे बेवारस फिरते. ताब्यात आल्यावर कुलपं, कडी आणि वजन तिथेच तपासावं, काही वावगं असेल तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवावी.

भाड्याची गाडी घेताना डिकी असलेली सेडान मागितली. एसयूव्हीला स्वतंत्र डिकी नसते. तेव्हा कुलूपबंद पेटी हाच आधार उरतो. ओहायोत गाडीतून नेताना लांब नळीची बंदूक रिकामी आणि बंद पेटीत ठेवली की काळजी नाही. क्लीव्हलँडहून पोर्ट क्लिंटन सव्वा-दीड तासाचा रस्ता. वाटेत जेवायला थांबलो तेव्हा गाडी खिडकीतून दिसेल अशी लावली, कारण गाडीतून चोरी झालेल्या बंदुकीची पोलिसांकडे नोंद करणं हा दुसराच व्याप असतो. हॉटेलला आधी फोन करून शस्त्र खोलीत चालतं का विचारलेलं होतं. स्पर्धेच्या दिवसांत तिथल्या हॉटेलांना याची सवय असते. तळावर पोहोचल्यावर सरावाच्या पहिल्या फैरी दुर्बिणीचा झीरो तपासण्यात घातल्या; विमानप्रवासानंतर एक-दोन क्लिक सरकलेले असू शकतात, आणि मॅचच्या दिवशी ते कळण्यात अर्थ नाही. तळ्यावरचा वारा हा वेगळ्या लेखाचा विषय.

स्पर्धेनंतरचा एक मोह मराठी घरांत हमखास येतो: एवढं जवळ आलोच आहोत तर नायगारा करून येऊ. क्लीव्हलँडहून साडेतीन-चार तास. अमेरिकेच्या बाजूने गेलात तर न्यूयॉर्क राज्य, आणि तिथे रात्र काढणं म्हणजे फोपाच्या भाषेत नुसतं 'जाता जाता' उरत नाही. कॅनडाच्या बाजूने गेलात तर आंतरराष्ट्रीय सीमा, आणि तिकडचा कायदा आणखी कडक. डिकीत पेटी ठेवून 'कोणाला कळतंय' म्हणणं म्हणजे निष्कारण आगीशी खेळ. जायचंच असेल तर रायफल आधी मार्गी लावावी. ओहायोतला परवानाधारक विक्रेता ती घरगावच्या विक्रेत्याकडे पाठवू शकतो. दोन्हीकडची फी आणि कुरिअर धरून शंभर डॉलरच्या वर जातात आणि घरी विक्रेत्याकडून घेताना पुन्हा फॉर्म भरावा लागतो. या वेळी नायगारा वगळला.

परतीची तयारी जाण्यापेक्षा जास्त काटेकोर हवी, कारण तेव्हा माणूस थकलेला असतो आणि सामान घाईत भरलं जातं. फायरिंग लाइनवरून उठताना जॅकेटच्या खिशात, शूटिंग ग्लोव्हमध्ये, पॅडच्या घडीत काडतुसं राहतात. एकेक खिसा उलटा केला. वापरलेली रिकामी ब्रास, म्हणजे काडतुसांच्या पुंगळ्या, वेगळ्या डब्यात, चेक-इनमध्ये. क्लीव्हलँडचा काउंटर छोटा, एजंट नवीन होता. त्याने पर्यवेक्षकाला बोलावलं आणि छापलेला एअरलाइनचा नियम समोर ठेवल्यावर दहा मिनिटांत काम झालं. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो, कागद पुढे सरकवला की समोरच्यालाही सुटल्यासारखं वाटतं. पुन्हा कार्ड, पुन्हा सही; जातानाचं कार्ड चालत नाही.

खर्च एकत्र सांगायचा तर पेटीला दोनशे डॉलरच्या आसपास, कुलपांना साठ, बॅगेची फी दोन्ही बाजूंची मिळून सत्तर-ऐंशी, थेट विमानाचा जादा खर्च वर सांगितला तो. पेटी आणि कुलपं पुढच्या वर्षीही तीच.

डॅलसला पेटी ओव्हरसाइझ दारातून आली. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री रायफल बाहेर काढून पुसली, कारण लेक ईरीच्या दमट हवेतून आलेला फोम ओल धरतो आणि नळीला गंज चढायला दोन दिवस पुरतात. फोम पंख्याखाली उभा करून सुकवला, सीरियल नंबर फोटोशी ताडून पाहिला, बोल्ट जागेवर बसवून फंक्शन चेक केला आणि रायफल तिजोरीत गेली. विमानाची डिक्लेरेशन कार्डं, बोर्डिंग पास आणि स्पर्धेच्या नोंदणीची पावती एका लिफाफ्यात घालून ठेवली आहेत; कधी कोणी विचारलं की ही रायफल त्या आठवड्यात ओहायोत का होती, तर उत्तर त्या लिफाफ्यात आहे.